दगडू

वेंगुर्ल्याच्या बंदरावर, बर्फाच्या कारखान्याच्या माडीवर
मच्छीमार सोसायटीचा एकच संगणक.
कीबोर्डवर मिठाची साय,
आणि 'न'च्या बटणाला कुणाच्या तरी बोटाचा सुरमईचा वास.

डिझेल परताव्याचा फॉर्म मी बनवला.
पहिल्या दिवशी पहिला आला आबाजी गिरप.
नाव, आधार, मोबाइल, बोटीचा नंबर
सगळं एका बोटानं टिपलं, चिमणी दाणे टिपते तसं,
आणि उठताना खुर्चीला नमस्कार केला.

ब्राउझरनं ते जपून ठेवलं.
ब्राउझर वाईट नसतो.
लग्नातल्या वाढप्यासारखा असतो,
पान रिकामं दिसलं की भात घालतो,
तुम्ही हात आडवा धरेपर्यंत वरणही.

तिसऱ्या दिवशी मालवणच्या ऑफिसातून फोन:
हे गिरप कोण एवढे मोठे?
तेवीस बोटी?
आबाजीची एक होडी. तीही भावाबरोबर निम्मी.
तो पेढे घेऊन वर आला, म्हणाला,
ऱ्हवांदे गो, दोन दीस.

मी हसले. हेमांगी तारी हसली नाही.
गेल्या वर्षी ती याच खुर्चीत
दुसऱ्या आडनावानं बसली होती.
यंदा कोर्टाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी पदराखाली,
आणि माहेरचं आडनाव,
जे लिहायची सवय हाताला उरली नव्हती.
तिनं 'हे' लिहिलं, आणि यादी घसरली खाली:
हेमांगी दिगंबर कुबल.
फिकट निळ्या पट्टीत. तयार. वाढलेलं.
तिनं स्क्रीनकडे बघितलं, मग माझ्याकडे.
"ह्येका कोणी सांगल्यान?"

त्या रात्री मी बसले.
फॉर्मच्या आत लिहिलं, आपोआप भरू नकोस.
ऑफ. स्वच्छ शब्दांत.
ब्राउझरनं वाचलं आणि भरलंच.
त्याला वाटतं, माणसं नको म्हणतात ती लाजून.
मग पुढ्यात एक खोटा रकाना ठेवला, लपवून,
वेशीवर राखणदाराला भाताचा गोळा ठेवतात तसा.
त्यानं गोळाही खाल्ला
आणि पंगतीलाही आला.

खाली दगडू मेथर बर्फाची राखण करत होता.
त्याला म्हटलं, रकान्याचं नाव 'नाव' असलं की हा ओळखतो,
'पत्ता' असलं की ओळखतो,
काय करू?
त्यानं बिडी विझवली, उरलेली कानामागे खोचली.
"मगे नाव वायट ठेव.
माझ्या आवशीची तीन पोरां गेली.
चौथ्याक दगडू म्हटल्यान.
मरण दारात इलां, हाक आयकल्यान,
दगड म्हणान म्हाघारी गेलां."
चौऱ्याहत्तर वर्षं झाली.
अजून फिरकलेलं नाही.

म्हणून आता स्क्रीनवर दिसतं 'मालकाचे नाव',
पण आत, जिथं फक्त यंत्र वाचतं,
त्या रकान्याला मी दगडू म्हणते.
मोबाइलला धोंडू. पत्त्याला केरू.
आणि रोज सकाळी मागे नवा आकडा,
कारण ब्राउझर शिकतो,
मरणापेक्षा लवकर.

रांगेतले करवादतात.
पहिलं बरं होतं, एक बटण की काम झालं.
आबाजी तर माझ्याशी बोलतच नाही.

हेमांगी सोमवारी आली.
'हे' लिहिलं. थांबली.
खाली काही घसरलं नाही.
खाली नुसता बर्फ फोडल्याचा आवाज.
मग तिनं लिहिलं, एकेक अक्षर, चुकत, खोडत;
'तारी'तली दीर्घ वेलांटी दोनदा सापडली नाही.
मागचा म्हणाला, आवर गो.
तिनं मान वळवली नाही.
"थांब. लिवतंय."